घरी वापरायचा फोल्डिंग बॅलन्स बीम : सहा महिने वापरून, मुक्काम सोलापूर

आधी स्टार सांगून मोकळी होते, पाचापैकी दोन, आणि त्यातला एक नुसत्या कव्हरच्या रंगाला. पुढचं वाचायचं तर निवांत वाचा, लांबणार आहे, कारण हा बीम, म्हणजे जिम्नॅस्टिक्समधे तोल सांभाळत कसरती करायची लांब अरुंद पट्टी, आमच्या घरात आला कशामुळे ते सांगितल्याशिवाय तो का पटला नाही हे कळायचं नाही.

आमची जुळे सोलापुरात छोटी खानावळ आहे, कडक भाकरी, शेंगाचटणी, आमटी, भरीत, रविवारी मटण. मुलगी चिमी, आता दहा पूर्ण. तिला जिम्नॅस्टिक्सचा नाद लागला तो दिवस मला तारखेसकट आठवतो, ५ ऑगस्ट २०२४, कारण तो श्रावणातला पहिला सोमवार होता आणि पहिल्या सोमवारी आमच्याकडे भाकरीला गिऱ्हाईक नसतं, सगळे सिद्धेश्वराला नाहीतर उपासाला, मी साबुदाणा भिजवून ठेवलेला आणि दुपारी चारला रिकामी बसलेले. चिमी माझा मोबाईल घेऊन पॅरिस ऑलिम्पिक बघत होती. "आई, बघ की, सगळ्या पडायलेत!" मी बघायला गेले आणि खरंच, ती अमेरिकेची सिमोन बाइल्स, जिचं नाव माझ्यासारखीलाही माहीत, ती लाकडावरून खाली. तिच्याच टीममधली सुनी लीपण खाली. बीमची फायनल चालू होती.

त्यात एक चायनीज मुलगी होती, झोऊ याछिन. स्पेलिंगमधे क्यू आहे म्हणून आम्ही बरेच दिवस याकिन याकिन करत होतो, नंतर कळलं की चायनीजमधे त्या क्यूचा उच्चार छ च्या जवळ जातो. वय १८. तिचापण मधेच तोल मोठा गेला, पडता पडता राहिली, पण राहिली, आणि १४.१०० घेऊन सिल्व्हर मिळवलं. गोल्ड इटलीच्या अलिचे दामातोला १४.३६६, ब्राँझ पण इटलीच्याच मनिला एस्पोझितोला बरोबर १४.०००. पोडियमवर त्या दोघी इटालियन फोटोसाठी मेडल दातात धरून उभ्या, आणि ही शेजारी बावरून यांच्याकडे बघतेय, हे काय चाललंय, मग हिनेपण हळूच मेडल उचलून दाताला लावलं, तेही नीट चावलं नाही. तो व्हिडिओ जगभर फिरला, तुम्हीपण बघितला असेल.

पण आमच्या घरात फिरला तो दुसरा व्हिडिओ. ऑलिम्पिकनंतर ती घरी गेली, हुनान प्रांतात हंगयांग म्हणून शहर आहे तिकडे, तिच्या आईवडिलांचं हॉटेल आहे, आणि ही पोरगी टीमचे कपडे घालून गिऱ्हाइकांना वाढतेय! हुनान म्हणजे चीनमधे तिखट खाण्यासाठी नावाजलेला भाग, म्हणजे आमचाच म्हणा ना. चिमीने तो व्हिडिओ किती वेळा बघितला त्याला गणती नाही. रविवारी ती आमच्या खानावळीत पाण्याचे ग्लास मांडते आणि त्याची तिला जाम लाज वाटायची, शाळेतलं कोणी आलं की आत पळायची. तो व्हिडिओ बघितल्यावर ते बंद झालं. ऑलिम्पिकचं सिल्व्हर घेऊन आलेली मुलगी ताट वाढते तर हिला ग्लास मांडायला काय झालं, हे मी एकदाही बोलून दाखवलं नाही, तिचं तिलाच वाटलं.

मग क्लास. पहिले सहा महिने सरांनी नुसतं वाकवलं, ताणलं, कोलांट्या, हँडस्टँड. सरांचा मूळ हात मल्लखांबाचा, त्यामुळे पकड आणि पोट यावर फार भर. बीमवर चढवलं ते नंतर, तोही जमिनीलगतचा, आणि क्लासला तो एकच, पोरी बावीस. तासाभरात एकीच्या वाट्याला चार पाच फेऱ्या. घरी आली की शहाबादी फरशीच्या सांध्यावरून चालायची, हात पसरून, स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत, मी परात घेऊन निघाले की समोर ही. म्हणून मागच्या दिवाळीत, म्हणजे २०२५ ला, फराळाच्या ऑर्डरींचे चार पैसे जास्त आले होते त्यातून हा बीम ऑनलाइन मागवला. त्याच दिवाळीच्या आठवड्यात जाकार्तात वर्ल्ड चॅम्पियनशिप चालली होती आणि बीमचं गोल्ड चीनच्याच चांग छिंगयिंगने घेतलं, तेव्हा घरात वातावरण कसं असेल बघा, पार्सल आलं की नाही, पार्सल आलं की नाही, दिवसातून दहा वेळा.

कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगपण नाही, हाच माल चार नावांनी चार ठिकाणी विकतात, फोटोतली मुलगीसुद्धा तीच.

आता वस्तू. आठ फूट लांब, मधे घडी पडते, अडीच इंच उंच, आत फोम, वरून सुएडसारखं जांभळं कापड, खाली काळी जाळीची पट्टी, न घसरण्यासाठी म्हणे. वजनाला इतका हलका की चिमी एकटी उचलते. घडी घालून कपाटामागे जातो, हे मात्र खरंच सोयीचं, दोन खोल्यांच्या घरात आठ फुटाची वस्तू ठेवायची कुठे. रंग सुंदर. कापडाचा पोतपण चांगला, पायाला घाम आला तरी सटकत नाही. पहिला आठवडा आम्ही खूष होतो, मी तर पाच स्टार द्यायला निघाले होते, बरं झालं आळस केला.

दुसऱ्या आठवड्यात चिमी म्हणाली, आई हा खाली जातोय. मी म्हटलं तुझं वजन वाढलं असेल, दिवाळी झालीय. मग एक दिवस तिला मधोमध उभी केली आणि शिवणाची पट्टी लावून मापलं. मधे, घडीजवळ, दीड सेंटिमीटर खाली दबतोय, टोकाला अर्ध्याच्या आसपास. म्हणजे चालत गेलं की आधी उतार मग चढ. आणि घडी जिथे आहे तिथे बोट आत जाईल एवढी फट, नेमकं तिथे टाचेवर वळायला गेलं की पाय मुरगळायचीच सोय. रुंदी दहा सेंटिमीटर लिहिलीय, ती बुडाला आहे. वरच्या कडा गोल केल्यात, त्यामुळे पाय टेकायला सपाट जागा साडेआठच मिळते.

आता कोणी म्हणेल दीड सेंटिमीटरने काय बिघडतं बाई, पोरगी खेळतेय खेळू दे. मीपण आधी असंच म्हणाले असते. पण हा खेळच असल्या फरकांचा आहे, आणि ते मला झोऊमुळे कळलं.

खरा बीम कसा असतो सांगते. पाच मीटर लांब, म्हणजे सोळा फुटाच्या वर, आमच्या खानावळीची लांबी जवळपास तेवढीच. रुंदी दहा सेंटिमीटर, हाताचा पंजा आडवा धरा, अंगठ्यासकट, झालं तेवढं. उंची १२५ सेंटिमीटर, चिमी शेजारी उभी राहिली तर तिच्या नाकाला लागेल. यावर जास्तीत जास्त दीड मिनिट, त्यात उड्या, गिरक्या, मागे उलट्या, शेवटी उडी मारून खाली. मार्क दोन भागात, एक केलं ते किती अवघड होतं त्याचे, दुसरा किती सफाईने केलं त्याचे, हे दहापासून सुरू होऊन कापत कापत खाली येतात. जरासा डुललात, ०.१ गेले. जास्त डुललात ०.३. खूपच हेलकावा, ०.५. पडू नये म्हणून हाताने बीम धरला तर तेपण ०.५. पडलात तर अख्खा एक मार्क, आणि दहा सेकंदात परत चढायचं.

आता हे घेऊन झोऊचं करिअर बघा. २०२३ ला अँटवर्पला तिची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप, बीमच्या फायनलला बाइल्स १४.८००, झोऊ १४.७००. ०.१ चा फरक! म्हणजे एक बारीक डुलणं, जे माझ्यासारखीला टीव्हीवर दिसणारपण नाही. पहिल्याच वर्ल्डला सिल्व्हर आणि तेही बाइल्सच्या एका डुलण्याइतकं मागे. मग पॅरिस, क्वालिफिकेशनला हिला १४.८६६, सगळ्यात जास्त, बाइल्सच्यापण वर. फायनलला तेच करायचं होतं, तेवढंच, नवीन काही नको होतं, आणि तिथे तो तोल गेला आणि १४.१०० वर आली. गोल्डपासून ०.२६६ लांब. क्वालिफिकेशनचे मार्क फायनलला धरत नाहीत, कोरी पाटी. चिमीला हे समजावताना मी म्हटलं, घटक चाचणीत पहिली आलीस म्हणून वार्षिकला कोणी मार्क देत नाही. तर म्हणते, "पण आई, घटक चाचणीला मी कुठं पहिली आले?" बरोबर आहे म्हणा.

दोन मोठी सिल्व्हर, दोन्हीचा फरक मिळून अर्धा मार्कसुद्धा होत नाही. आपल्याकडे दीपा कर्माकरचं आठवा, रिओला २०१६ ला व्हॉल्टमधे, म्हणजे धावत येऊन टेबलावरून उडी मारायच्या प्रकारात, चौथी, १५.०६६, ब्राँझ १५.२१६ ला गेलं. ०.१५० मुळे मेडल नाही. त्या रात्री आम्ही शेजारपाजारचे सगळे जागे होतो आणि आकडे बघून कोणाला काही कळत नव्हतं, नुसतं चौथी चौथी. आत्ता कळतं काय झालं होतं ते.

तर मुद्दा असा की ज्या खेळात ०.१ ने जगातला पहिला दुसरा नंबर ठरतो तिथे सरावाची वस्तू खोटं बोलणारी नको. हा फोमचा बीम खोटं बोलतो. चिमी डुलते तेव्हा कळत नाही की ती डुलली का बीम दबला. पाय वाकडा पडला तर फोम त्या बाजूने खाली जाऊन सांभाळून घेतो, तिला वाटतं जमलं. आणि पाय बरोबर पडला तरी घडीजवळ हेलकावा येतो, तिला वाटतं चुकलं. महिनाभराने सर मला म्हणाले, हिचे घोटे आत पडायलेत, घरी गादीवर करते का? मी म्हटलं गादीवर नाही सर, साडेचार हजाराच्या वस्तूवर करते.

सरांनी तेव्हा सांगितलं ते इथे लिहिते, कोणाला उपयोग होईल. खरा बीमपण नुसतं दगडासारखं लाकूड नसतो, वर पातळ गादी असते, सुएडसारखं कव्हर असतं, पायाला मार बसू नये म्हणून. पण तो सगळीकडे सारखा असतो. पहिल्या इंचाला जसा तसा शेवटच्याला. मऊ असला तरी चालेल, इथे मऊ तिथे कडक चालत नाही. आणि घरी करायचं ते फक्त चालणं, टाचा उचलून चालणं, मागे चालणं, अर्धी गिरकी, छोटी उडी. उलट्यासुलट्या घरी अजिबात नाही, खाली मॅट आणि शेजारी माणूस असल्याशिवाय नाही. चिमीने एकदा रील बघून मागे पलटी मारायचा प्रयत्न केलेला, पाय गॅसच्या ओट्याला लागला, तेव्हापासून रील बंद, बीम चालू.

घसरण्याचं वेगळंच. ती जाळीची पट्टी गुळगुळीत टाइल्सवर धरत असेल, आमच्या शहाबादीवर बीम सरकतो, फरशी वरखाली आहे ना. त्यावर उपाय आमच्याकडे घरातच होता, खाली सोलापुरी चादर अंथरली, दुहेरी, जाड वाली, जागचा हलला नाही. चादरीला पाच स्टार.

उन्हाळ्यात आणखी गंमत. आमचं घर पत्र्याचं, एप्रिलमधे दुपारी आत बसवत नाही, त्या उष्णतेने घडीजवळचा गोंद सुटला आणि जांभळं कापड एका बाजूने उचकटलं. रंगपण तळपायाला लागायला लागला, पोरगी शाळेत जांभळे तळवे घेऊन.

तक्रार केली ना. परत करायची मुदत सात दिवस, आणि मी पट्टी लावून मापलं तोपर्यंत तीन आठवडे झालेले. चॅटवर पलीकडून उत्तर, मॅडम मऊपणा हे या प्रॉडक्टचं वैशिष्ट्य आहे, मुलांच्या सुरक्षेसाठी. मी मापाचे फोटो पाठवले, पट्टीसकट. मग दुसरा कोणी आला, त्याने परत पहिल्यापासून विचारलं की मॅडम आपली समस्या काय आहे. असं चार जणांना सांगून झालं. शेवटी दोनशे रुपयाचं कूपन दिलं, पुढच्या खरेदीवर. पुढची खरेदी! ते कूपनपण आता संपलं तारखेने.

मग खरा उपाय आमच्या मामांनी केला, मामा म्हणजे सासरे. मोहोळकडच्या गावी त्यांचं जुनं माळवद होतं, पावसात एक बाजू बसली म्हणून उतरवलं आणि त्याच्या तुळया गोठ्यात पडून होत्या. मी एकदा चिमीला सांगत होते की बीम म्हणजे मराठीत तुळई, तर मामा खाटेवरून म्हणाले, "तुळईच पाहिजे तर विकत कशाला आणायली, पन्नास वर्सं आमच्या डोक्यावर होती तीच दे की तिच्या पायाखाली." कडुलिंबाच्या लाकडाची तुळई, टेम्पोतून आणली, मिलमधे कापून रंधून घेतली, बरोबर दहा सेंटिमीटर, लांबी नऊ फूट निघाली कारण एका टोकाला वाळवी होती तेवढं काढलं. खाली दोन आडव्या पट्ट्या मारल्या, कलंडू नये म्हणून. वर सीट कव्हरवाल्याकडून पातळ फोम आणि सुएड ताणून घेतलं. त्याला आधी कळेना काय करायचंय, मी मोबाईलवर झोऊचा व्हिडिओ दाखवला, तो काम सोडून दोन मिनिटं बघत बसला, म्हणाला ताई यावर पोरगी उभी राहती? मग खिळा एकपण वर येऊ दिला नाही त्याने, सगळे बुडाला मारले. सगळं मिळून सव्वादोन हजार, टेम्पोसकट. म्हणजे ऑनलाइनच्या निम्म्यात.

पहिल्या दिवशी चिमी त्यावर चढली आणि तीन पावलात खाली. परत चढली, परत खाली. रडकुंडीला आली, म्हणते जांभळ्यावर मला सगळं येत होतं. तिला येत नव्हतंच, जांभळा सांभाळून घेत होता. मामा बघत होते. मामांनी तरुणपणी गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या सरावाला हात लावलाय, ती एवढी उंच काठी पेलायची म्हणजे यात्रेच्या किती दिवस आधीपासून तयारी लागते ते सोलापूरकरांना सांगायला नको. ते म्हणाले, "पायाकडं बघू नको. शेवटाकडं बघ." क्लासमधे सर हेच सांगतात, बीमच्या टोकावर नजर. सरांचं तिने कधी ऐकलं नव्हतं, आजोबांचं ऐकलं. पंधरा दिवसात नऊ फूट न थांबता गेली आणि सर म्हणाले घोटे सरळ झाले.

एक आवाजाची गोष्ट राहिली. पॅरिसच्या त्या फायनलला प्रेक्षक एकमेकांना शू शू करून गप्प करत होते, नंतर बाइल्स आणि सुनी ली दोघी म्हणाल्या की त्या शांततेनेच जास्त टेन्शन आलं. आमच्या शेजारी माग चालतात, दिवसभर खटाखट खटाखट. चिमीचा सगळा सराव त्या खटखटीत. परवा शुक्रवारी लाइट गेली, माग बंद पडले, एकदम शांत, आणि ही मधोमध थांबली आणि पडली. म्हणते आई आवाज गेला! आता मला नवीन काळजी.

चीनच्या मुलींचं बीमवर आणि बार्सवर, म्हणजे त्या दोन आडव्या दांड्यांवर, पूर्वीपासूनच वजन आहे, हे सर सांगतात आणि आता मलापण पाठ झालंय. २००० ला सिडनीत ल्यू श्वेनने बीमचं गोल्ड घेतलं, चीनच्या बाईचं त्यातलं पहिलं, तीपण हुनानचीच, छांगशाची. २०१२ ला लंडनमधे दंग लिनलिन. टोकियोला, जे २०२१ ला झालं, ग्वान चनचन, वय १६, १४.६३३, आणि तिच्या मागे सिल्व्हरपण चीनलाच, थांग शीचिंग, बाइल्स तिसरी. चिमीची दुसरी लाडकी बार्सवाली, छिऊ छीयुआन, तिला आमच्या घरात चिऊताई म्हणतात. चिऊताई २०२३ ची वर्ल्ड चॅम्पियन आणि पॅरिसला १५.५०० करूनपण सिल्व्हर, कारण अल्जीरियाच्या कायलिया नेमूरने १५.७०० केले. आणि एवढं असूनही पॅरिसला टीममधे चीन सहावा, कारण टीमला व्हॉल्ट आणि फ्लोअर, म्हणजे जमिनीवरच्या कसरती, तेपण लागतं, नुसत्या तोलावर भागत नाही.

सगळंच गोड आहे असं नाही हां. त्यांच्याकडे इवल्याशा पोरींना सरकारी क्रीडा शाळेत ठेवतात, घरापासून लांब, आणि वयाचे घोळपण झालेत. सिडनीचं टीम ब्राँझ २०१० ला काढून घेतलं, एक मुलगी वयाने लहान होती म्हणून. सोळा वर्षं पूर्ण होणाऱ्या वर्षाच्या आधी ऑलिम्पिकला उतरता येत नाही असा नियम आहे. शेजारच्या काकू विचारतात, काय ग, ऑलिम्पिकला पाठवणार का पोरीला? मी म्हणते काकू, आधी मोरीपर्यंत न पडता जाऊ दे. मला पोरगी लांब पाठवायची नाही, मला ती रविवारी ग्लास मांडायलाच हवीय. आणि झोऊचा तो हॉटेलातला व्हिडिओ मला जास्त का आवडतो तर तिथे ती घरी आहे म्हणून. किती दिवसांनी आली असेल काय माहीत, पण ताट बरोबर धरलं होतं, अंगठा आत नव्हता.

तर घ्यायचा का? पाच सहा वर्षाचं पोर असेल, नुसतं रेषेवर चालायला शिकायचं असेल, पडून लागू नये एवढीच काळजी असेल, फरशी गुळगुळीत असेल तर घ्या, त्यासाठी वाईट नाही, आणि घडी घालून ठेवता येतो. मूल क्लासला जात असेल आणि वजन पंचवीस किलोच्या वर असेल तर घेऊ नका. घेतलातच तर आल्या दिवशी पट्टी लावून मापा, मधे उभं करून आणि टोकाला उभं करून, दोन्हीत फरक आला तर सात दिवसाच्या आत परत, माझ्यासारखं दिवाळीचं वजन म्हणून बसू नका. सलग, घडी नसलेला मिळाला तर तो बघा. आणि गावाकडे कोणाचं माळवद उतरवत असतील तर आधी तिकडे फोन करा.

आमचा जांभळा सध्या खानावळीत आहे. मामा जेवणानंतर त्यावर पाय टाकून पडतात, म्हणतात याच्यासारखी वस्तू नाही. परवा एका गिऱ्हाइकाच्या हातून त्यावर शेंगाचटणी सांडली, तेलाचा डाग, रिठ्याने धुतला, लिक्विडने धुतला, निघत नाही. कापडाचा अर्धा स्टार त्यात गेला.